हातांची फुली

होसूर,
९ नोव्हेंबर २०२४

आयुष,

जयभीम. ख्यालीखुशाली विचारायच्या मनःस्थितीत मी नाही, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

आज कँटीनमध्ये आमच्या शिफ्ट सुपरवायझरनं मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, मॅडम, तुमच्या पिंपरी-चिंचवडचा पिक्चर येतोय. बघितलं तर 'लोखंड्या रिटर्न्स'चं पोस्टर. एक पोरगी ग्राइंडर घेऊन उभी. अंगावर धड कपडे नाहीत, पायात मात्र सेफ्टी शूज. ते एक वेळ सोड. तिच्यामागे आगीत एक माणूस उभा आहे, तोंडावर पत्र्याचा मुखवटा, डोक्यावर दोन्ही हातांची फुली. आणि खाली तुझं नाव, लेखक-दिग्दर्शक.

तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला चहा तसाच ठेवून उठले. सुपरवायझरला वाटलं, मॅडमना असले पिक्चर चालत नाहीत.

मी पिक्चरची वैरीण नाही. हिंजवडीची नोकरी सोडून तू हे धंदे सुरू केलेस तेव्हा आत्याची समजूत मीच काढली होती. भुतंखेतं, रक्त, कवट्या, जे करायचं ते कर. पण ती फुली काढ. पोस्टरवरून काढ आणि पिक्चरमधूनही काढ. ते माझे बाबा आहेत, तुझे सख्खे मामा. का काढायची हे तुला सांगावं लागू नये. अर्धं बालपण तू आमच्या घरात काढलंयस.

फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलून गुंडाळतोस. लिहून उत्तर दे.

नेहा


मारुंजी,
११ नोव्हेंबर

ताई,

जय भीम. तुझी मेल दोनदा वाचली. आधी एक कबूल करतो, पोस्टरवर मामांचं नाव नाही ही चूक झाली, आणि तुझा राग त्याचाच असणार. पिक्चर सुरू होताना पहिली पाटी तीच आहे: 'भीमराज ओव्हाळ यांना मानवंदना'. अख्खा पडदा काळा, मध्ये लाल अक्षरं.

तू तिकडे कंपनीच्या कामाला गेलीस, म्हणून तुला इथलं माहीत नसेल. 'लोखंड्या' आता कल्ट झालाय राव. ब्याण्णव साली चिंचवडच्या टाळेबंदी झालेल्या कंपनीत चार दिवसांत उरकलेला, व्हिडिओ कॅसेटवरच आलेला, कुणी न पाहिलेला पिक्चर. आज त्याचे क्लब आहेत. कॅफेच्या माडीवर पडदा लावतात, सगळ्यांना डायलॉग पाठ. शेवटी लोखंड्या भट्टीत जळतो आणि हात डोक्यावर नेऊन फुली करतो ना, त्या शॉटला सगळे उठून उभे राहतात आणि तशीच फुली करतात. टी-शर्ट निघालेत. एकानं दंडावर गोंदवून घेतलंय. आपल्या मामांचे हात, ताई. अंगावर काटा येतो.

मी तो पिक्चर जसाच्या तसा जागवतोय. लाल जिलेटीनचा उजेड, ओठांच्या मागून येणारा आवाज, कॅमेऱ्याचे ते तीन धडाधड झूम, रक्ताच्या जागी बिटाचा रस. डिजिटलवर शूट करून वर मुद्दाम ओरखडे टाकतोय. मुखवटा तर डिट्टो केलाय, आत पिवळा स्पंजसुद्धा तोच. आणि ती प्रसिद्ध चूक आठवते? मामा जळताना निळ्या ड्रेसमधला एक जण गोणपाट घेऊन मध्येच फ्रेममध्ये घुसतो आणि पिक्चर फटकन तुटतो. पब्लिक त्याला सगळ्यात जास्त हसतं. तीही ठेवलीय, आणि तो रोल मी स्वतः करतोय.

तुला खरं सांगू? मी दिग्दर्शक झालो तो मामांमुळे. रविवारी आमच्याकडे कॅसेट लावायचो. शेवटचा सीन आला की मामा खाटेवर बसल्या बसल्या तशीच फुली करायचे. आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. मग मामी उठून टीव्ही बंद करायची आणि आम्ही तिच्यावर जाम चिडायचो. एवढ्या वर्षांनी तो सीन मी पुरा करतोय असं समज.

आता तरी राग सोड.

तुझा,
आयुष


होसूर,
१२ नोव्हेंबर

आयुष,

तुझी मेल वाचून हसावं की रडावं कळेना. म्हणजे तुला खरंच माहीत नाही. आमच्या घरात हे कुणी कधी बोललं नाही, बाबांना आवडायचं नाही म्हणून; तुम्हा पोरांना कंपनीत भाजले एवढंच सांगितलेलं. पण मला वाटायचं, न बोलताही तुला कळत असेल. ऐक आता.

तुझा आजोबा पत्रा दाबायच्या प्रेसवर, मामा प्रेसवर, पण तू प्रेस शॉपमध्ये कधी पाय ठेवला नाहीस. तिथं शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून माणसं हातांनी बोलतात. डोक्यावर दोन्ही हातांची फुली म्हणजे 'बंद कर'. कुणीही करो, कालचा आलेला हेल्पर करो, बघणाऱ्यानं आधी लाल बटण दाबायचं आणि काय झालं ते मग विचारायचं. माझ्या लाइनवर आजही हाच नियम आहे. बाबा घरी जेवतानासुद्धा तेच करायचे. तिसरी भाकरी ताटात पडायला लागली की फुली. आईचा हात तिथल्या तिथे थांबायचा.

टाळेबंदीत घरात चूल पेटायचे वांधे होते, म्हणून बाबा त्या पिक्चरमध्ये उभे राहिले. धिप्पाड होते, मुंबईच्या दिग्दर्शकाला बघताक्षणी आवडले. शेवटच्या दिवशी आग लावली आणि मुखवट्यातला तो स्पंज पेटला. तुझा तो डिट्टो पिवळा स्पंज. तो वितळून त्यांच्या गालाला आणि डोळ्याला चिकटला. धूर घशात गेला. त्यांनी हात वर केले. ते नाटक करत नव्हते आयुष, ते बंद करा म्हणत होते. दिग्दर्शकाला वाटलं, काय कमाल करतोय गडी. त्यानं कॅमेरा जवळ घ्यायला सांगितलं. ते तुझे तीन धडाधड झूम.

आई डबा घेऊन शेडच्या दाराशी उभी होती. तिला आत सोडलं नाही, शॉट चालू आहे म्हणाले. दाराच्या फटीतून तिला ते हात दिसत होते. आतल्या गर्दीत ज्योतीरामकाका होते, बाबांच्याच प्रेसवरचे. खूण कळली ती त्यांना एकट्यांना. ते गोणपाट घेऊन धावले. हसता तुम्ही ज्याला, ती ही चूक. त्या माणसानं माझा बाप वाचवला.

उजवा डोळा गेला, आवाज गेला, प्रेसचं काम गेलं. पुढची सगळी वर्षं, ते जाईपर्यंत, पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत वॉचमन. तिथली पोरं त्यांना बघून रडायची, म्हणून ते पाठमोरे बसायचे.

आणि रविवारची ती कॅसेट. ते तुला पोज देत नव्हते रे. घशातून आवाज निघत नव्हता म्हणून हातांनी सांगत होते, बंद कर. तू टाळ्या पिटायचास. आई का उठायची ते आता कळलं?

मानवंदना म्हणे. एक जानेवारीला आपण पहाटे उठून मानवंदनेला जातो, ते कुणाच्या जळण्याला टाळ्या वाजवायला जातो का? लाज वाटू दे थोडी.

आता कंपनीत क्वालिटी तपासणारी म्हणून एक विचारते, आणि याचं उत्तर मला हवंय. तुझा नट तो मुखवटा घालून आगीत उभा राहणार. त्याला खरोखर भाजायला लागलं तर तो कुठली खूण करणार? होती ती खूण तर तुम्ही नाटकात खर्ची घातलीत.

नेहा


मारुंजी,
२० नोव्हेंबर

ताई,

आठवडाभर काही लिहिता आलं नाही. मामांबद्दल कळल्यावर दोन दिवस जेवण गेलं नाही, हे तू मान किंवा मानू नकोस.

पण शांतपणे विचार केला तर एक वाटतं. खुणेचा अर्थ काळाबरोबर बदलतो. ज्यांनी मामांना आयुष्यभर वॉचमन म्हणून पाहिलं, त्यांचीच पोरं आज उभं राहून त्यांच्यासारखे हात करतात. यात काहीच मोठेपणा नाही का?

दुसरं, आता माझ्या हातात फारसं उरलेलं नाही. क्लायमॅक्स गेल्याच आठवड्यात शूट झाला. प्रोड्यूसर नंदकिशोर सरांचा सगळा जीव त्याच सीनमध्ये आहे, तो काढला तर पिक्चरच उरत नाही. काळजी करू नकोस, सगळं नीट पार पडलं, कुणाला साधा चटकाही बसला नाही. फायर एक्स्टिंग्विशर होते, माणसं होती. नट म्हणजे आपला धम्मरत्न, चाकणला कंत्राटी कामगार आहे, जलशात गातो. अंगानं थेट मामांसारखा. मजेत आहे.

एडिटमध्ये काय करता येतं ते बघतो.

आयुष


होसूर,
७ डिसेंबर

आयुष,

आईचा फोन आला होता. तू रहाटणीला जाऊन तिच्या पाया पडलास, शाल दिलीस, आणि उद्या रविवारी शूटिंग बघायला गाडी पाठवतोयस. कुठला सीन, विचारलं, तर म्हणाली, शेवटचा, आगीचा.

म्हणजे शूट झालं नव्हतं. धडधडीत खोटं लिहिलंस मला. आईला मी जाऊ नको म्हटलं. ती म्हणाली, तवा मला दारातच अडवलं, औंदा आत बसून बघते.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस. हाताची दुसरी खूण ठरवलीस का? स्पंज बदललास का? आज उत्तर दे. फोन केलास तरी उचलेन.

नेहा


मारुंजी,
१२ डिसेंबर

ताई,

त्या दिवशी मी फोन केला नाही. खूण ठरवली नव्हती, स्पंज बदलला नव्हता. आर्टवाला म्हणाला दोन दिवस लागतील, आणि शेड रविवारपुरतीच मिळाली होती. तुला काय सांगायचं म्हणून मेल उघडलीच नाही असं स्वतःला भासवलं.

मामीनं तुला थोडं पोळलं एवढंच सांगितलं असणार. सगळं सांगतो.

शेड चाकणच्या पुढे, रिकामी. मामीला मॉनिटरशेजारी खुर्ची दिली होती. गर्दीला आम्ही क्लबचीच पोरं बोलावली होती, चाळीसेक असतील, सगळी टी-शर्ट घालून. जुन्या पिक्चरचं म्युझिक मोठ्यानं लावलं होतं, माहोल यावा म्हणून. मी निळा ड्रेस घालून, हातात ओलं गोणपाट घेऊन खांबाआड उभा. माझा क्यू तिसऱ्या झूमनंतर होता.

पहिला टेक चांगला झाला. धम्मरत्ननं फुली केली, पब्लिकनं जल्लोष केला. नंदकिशोर सर म्हणाले, आग जरा वाढवून अजून एक घेऊ. दुसऱ्या टेकला त्यानं ठरल्यापेक्षा लवकर हात वर केले. समोरच्या सगळ्यांनी त्याला तसेच हात करून दाखवले आणि ओरडले. त्यानं पुन्हा केले. त्यांनी पुन्हा केले. मला वाटलं, काय टेक देतोय राव. पहिला झूम झाला, दुसरा झाला. तुझी मेल वाचलेला त्या शेडमध्ये मी एकटा होतो, ताई. आग विझवायचं गोणपाट माझ्याच हातात होतं. आणि मी क्यूची वाट बघत उभा होतो.

मामी कधी उठली ते दिसलं नाही. तिनं आधी जाऊन गॅसचा कॉक बंद केला. मग माझ्या हातातलं गोणपाट हिसकावून धम्मरत्नवर टाकलं आणि मुखवटा उघड्या हातांनी ओढून काढला. पोरं तेव्हाही टाळ्या वाजवत होती, त्यांना वाटलं हीच ती प्रसिद्ध चूक, नव्या पिक्चरमधली.

मग ती माझ्याकडे वळली. "त्यानं बंद कर म्हनलं न्हाय का तुला?" एवढंच बोलली. त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

धम्मरत्नचा डावा गाल, कान आणि मान भाजलीय. डोळे वाचले. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर वाचले नसते. मामीच्या दोन्ही तळहातांना फोड आलेत.

आता सगळ्यात घाण गोष्ट. नंदकिशोर सर काल भेटले. दवाखान्याचा खर्च करतो म्हणाले, आणि म्हणाले, तो दुसरा टेक बघितलास का, असला शॉट ठरवून मिळत नाही. मूळ पिक्चरलाही हेच झालं होतं म्हणतोस ना, मग याहून मोठी मानवंदना कुठली. त्यांना तो शॉट पिक्चरमध्ये हवाय, मामी धावत येते तिथपर्यंत. कॅमेऱ्याचं कार्ड अजून माझ्याकडे आहे.

मी काय करू, सांग.

आयुष


रहाटणी,
१४ डिसेंबर

आयुष,

काल घरी पोचले. आईला भरवतेय, तिला घास धरता येत नाही.

काय करू म्हणून मला विचारतोस? शॉट कुणी घेतला, मी? खोटं कुणी लिहिलं, मी? मी तुला एका महिन्यात तीनदा सांगितलं, घसा कोरडा करून. आता निवाडाही मीच द्यायचा, म्हणजे उद्या तुला म्हणता येईल, ताईनं सांगितलं म्हणून केलं. नाही देणार.

फक्त एक सांगते, आईनं आज पहिल्यांदा सांगितलेलं. ब्याण्णव सालचा तो दिग्दर्शकही दवाखान्यात आला होता. सफरचंदं घेऊन. बाबांच्या खाटेपाशी बसून ढसाढसा रडला, आईच्या पाया पडला. आईला वाटलं, माणूस मनानं वाईट नाही. मग मुंबईला जाऊन त्यानं तोच शॉट पिक्चरच्या शेवटी लावला. बाबांच्या किंकाळीसकट.

तेव्हा तुझं जेवण गेलं नाही, तू हादरलास, तुला वाईट वाटलं, याचं मला काडीचं कौतुक नाही. रडून झाल्यावर तो काय करतो ते बघायचं असतं.

नेहा


मारुंजी,
१९ डिसेंबर

ताई,

कार्ड धम्मरत्नच्या बहिणीला दिलं, अंजलीला. वायसीएम दवाखान्याच्या बाहेर चहाच्या टपरीवर भेटलो. तिला सांगितलं, यात सगळं आहे. स्पंज कुठला होता, आग कुणी वाढवायला सांगितली, त्यानं कितीदा हात वर केले, आणि खांबाआड गोणपाट धरून कोण उभं होतं. माझा चेहरा त्यात स्वच्छ दिसतो. तिनं विचारलं, तुझ्यावरही तक्रार होईल, कळतंय ना. मी हो म्हटलं. ती म्हणाली, बरं, आणि चहाचा कप तसाच ठेवून निघून गेली.

काल ती तक्रार देऊन आली. पोलिसांनी मला उद्या बोलावलंय. नंदकिशोर सर फोनवर खूप बोलले, आईबहिणीवरून बोलले. पिक्चर बंद झाला. पोस्टर उतरवलंय, पण मोबाइलवर फिरतच राहणार, ते माझ्या हातात नाही. क्लबच्या ग्रुपवर त्या खुणेचा अर्थ लिहिला. काही जण गप्प झाले. बऱ्याच जणांनी खाली फुलीचेच फोटो टाकले. एकानं लिहिलं, लेजंड. मी ग्रुप सोडला.

धम्मरत्नला भेटायला गेलो होतो. त्यानं मला बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी बाहेरच बसून राहिलो.

एक विचारायचं होतं. मामी मला भेटेल का? नाही म्हणाली तरी चालेल.

आयुष


रहाटणी,
२० डिसेंबर

आयुष,

मी अजून रागावलेलीच आहे, आणि हा राग लवकर जाईल अशी आशा ठेवू नकोस. कार्ड दिलंस ते बरोबर केलंस. शाबासकी देणार नाही, ते करायलाच हवं होतं, आणि ते मुखवटा बनवायच्या आधी करायला हवं होतं. पोलिसांकडे जाताना मी सोबत येते. काहीही लपवलंस तर तिथंच कानाखाली वाजवीन.

तुझी मेल आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, त्याला रविवारी जेवायला बोलाव, वाळला असंल. मी म्हटलं, मी नाही बोलावणार. तर म्हणाली, घर माझं हाय.

तर ये. आईच्या हाताला जमत नाही, भाकऱ्या मीच थापणार आहे, जाड होतील, मुकाट खायच्या. आई ताटाशी बसून वाढणार आहे, पट्ट्या बांधलेल्या हातांनी. पोट भरलं की तोंडानं सांगू नकोस. हात वर कर. ती थांबते.

नेहा